हळद आणि मज्जारज्जू

अळणावर गावच्या शिवारात झाडावरून पडून कुणाच्या मणक्याला मार बसला, तर मज्जारज्जूचं नुकसान त्या एका क्षणात संपत नाही. रक्तस्राव आणि सूज यांमुळे मुक्त मूलकं सुटतात. जुनं तूप खवट व्हावं तशी ती चेतापेशींची चरबीयुक्त आवरणं बिघडवतात, आणि हे तासन्‌तास चालतं. मग या मूलकांना आवरणारं अँटिऑक्सिडंट द्यावं, हा विचार सरळच. ई जीवनसत्त्वाने प्राण्यांत फायदा दिसला, पण ते इजेच्या आधी काही दिवस द्यावं लागलं. आणि अपघात काय सांगून येतो? मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही याच आशेने मोठ्या मात्रेत वापरलं. १९९० च्या अमेरिकी चाचणीत आठ तासांच्या आत दिल्यावर थोडा लाभ दिसला. पण जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाचे धोके पाहून २०१३ साली तिथल्याच न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी ते नको म्हटलं.

कुणी म्हणेल, घरची हळद घ्यायला काय हरकत? आमटीत मुळीच नाही. पण तिच्यातलं कर्क्युमिन हे अँटिऑक्सिडंट आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं, आणि उंदरांत दिसलेला गुण माणसांत सिद्ध झालेला नाही. हळद-दुधाचा पेला शोधण्याआधी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. तोवर जखमीला उठवून बसवू नका, मान वळू देऊ नका.