हत्याराची किंमत आणि हत्याराची हमी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या मेळाव्यात शिक्षण, विवाहपद्धतीतील सुधारणा, थोर पुरुषांची चरित्रे अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. पाना, पक्कड आणि सॉकेट यांविषयी बोलावयास एखादा वक्ता उभा राहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु लोहारकामाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने हत्याराविषयी बोलू नये, तर कोणी बोलावे?

आपल्या पूर्वजांनी गावाला नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी आणि पहारी घडवून दिल्या. बलुत्याच्या त्या व्यवस्थेत हमीचा छापील कागद नव्हता. विळ्याची धार गेली म्हणजे कुणबी तो घेऊन त्याच ऐरणीपाशी येई आणि लोहार तो पुन्हा पाजवून देई. हत्यार घडविणारा आणि हमी देणारा मनुष्य एकच होता व तो गावातच राहत होता. आज आपली मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, फिटर होऊन बाहेर पडतात. ती हत्यारे विकत घेतात, आणि ज्याने ते हत्यार घडविले त्याचे दर्शन त्यांना कधीच घडत नाही.

अशा मुलाने गॅरेज काढावयाचे ठरविले की हत्यारांची पेटी हे त्याचे पहिले भांडवल. आणि ते बहुधा कर्जाऊ असते. परदेशी नावाच्या मोहाने सारी रक्कम पेटीतच घातली, तर जागेचे भाडे थकते. निनावी, स्वस्त संच घेतला, तर गिऱ्हाईकाच्या बोल्टाचे कोपरे झिजतात आणि पहिल्याच वर्षी नाव जाते. म्हणून महाग आणि स्वस्त यांत खरा भेद कोणता, आणि ‘आजन्म हमी’ या शब्दांना किती मोल द्यावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम गुणाचा विचार करू. पान्याचा गुण तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पोलाद, पाणी आणि माप. उत्तम पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा असतो. या पोलादात क्रोमियम सुमारे एक टक्का आणि व्हॅनेडियम त्याहून कितीतरी कमी असते. पण तेवढ्याने त्यास बळकटी व चिवटपणा येतो. तापलेले पोलाद साच्यात घणाखाली दाबून असा पाना घडवितात. परंतु केवळ पोलाद चांगले असून भागत नाही. पाणी कमी पडले तर हत्यार मऊ राहते व जोर लावताच पान्याचे तोंड पसरते. पाणी जास्त झाले तर ते काचेसारखे तडकते. यास्तव पाणी दिल्यावर ते पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा उतरवावा लागतो. आपल्या आजोबांनी पोलादावर चढणारा रंग पाहून हेच केले. आजचा कारखाना तेच भट्टीच्या तापमापकावर करतो. चांगल्या पान्याचा कडकपणा रॉकवेल मापाने साधारणतः ४० ते ४८ असतो, तर कानशीचा ६० च्या वर. पान्याला कानशीइतके कडक का करीत नाहीत, याचे उत्तर यातच आहे. पान्याने ताण सोसावयाचा असतो. कानशीने कापावयाचे असते.

तिसरी गोष्ट माप. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास सामान्यतः १३ मिलिमीटरचा पाना लागतो. जपानी पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत १२ चा. आता १३ च्या बोल्टाचे डोके बरोबर १३ च असते असे नाही. प्रमाणानुसार ते १२.७३ पासून १३ मिलिमीटरपर्यंत कितीही असू शकते. त्यात पान्याचेही तोंड सैल असले, म्हणजे पाना षट्कोनाच्या सपाट बाजूंस न धरता कोपऱ्यांस धरतो. कोपरा झिजतो, बोल्ट गोल होतो आणि पाना घसरून बोटांची साले निघतात. महागड्या हत्याराच्या किमतीचा मोठा भाग या मापाच्या काटेकोरपणासाठी असतो. वरची चकाकी हा गुणाचा पुरावा नव्हे. क्रोमचा मुलामा ओबडधोबड लोखंडावरही चढविता येतो, आणि ‘क्रोम-व्हॅनेडियम’ ही अक्षरे कोणत्याही लोखंडावर उमटविता येतात.

आता हमीकडे वळू. या प्रकरणी अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. कारण हातहत्यारांच्या आजन्म हमीचा व्यापार तेथे विशेष वाढला. १९२० मध्ये मिलवॉकी शहरी जोसेफ जॉन्सन यांनी स्नॅप-ऑन ही कंपनी स्थापिली. तोवर सॉकेट आणि मूठ ही बहुधा एकसंध असत. जॉन्सन यांनी ती वेगळी केली. ५ मुठी आणि १० सॉकेटे यांनी ५० पान्यांचे काम होते, हे त्यांचे म्हणणे. आज या कंपनीचे विक्रेते हत्यारांनी भरलेली गाडी घेऊन गॅरेजच्या दारात येतात, उधारीवर माल देतात आणि मोडलेले हत्यार तेथेच बदलून देतात. तिच्या पान्याची किंमत साध्या पान्याच्या कित्येक पट असते. त्या किमतीत पोलादाबरोबर ही दारी येणारी सेवाही मोजलेली असते.

दुसरे उदाहरण क्राफ्ट्समनचे. सीअर्स या मोठ्या दुकान-संस्थेने १९२७ मध्ये हे नाव घेतले. हातहत्यार मोडले तर सीअर्सच्या दुकानात न्यावे आणि नवे घेऊन यावे, अशी तिची ख्याती होती. बापाने घेतलेला पाना मुलाने बदलून आणावा, इतका विश्वास तेथील मध्यम वर्गाला वाटे. पुढे सीअर्सचे दिवस फिरले. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या कंपनीला विकले गेले आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. हमी नव्या मालकाने चालविली. परंतु ज्या दुकानात पाना न्यावयाचा, त्यांतील बहुतेक दुकानांना कुलपे लागली. ‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म? घेणाऱ्याचा, हत्याराचा, की हमी देणाऱ्या दुकानाचा? हा प्रश्न हमीच्या कागदावर क्वचितच स्पष्ट लिहिलेला असतो.

तिसरे उदाहरण याहून उद्बोधक आहे. १९७७ मध्ये सुरू झालेली हार्बर फ्रेट ही स्वस्त मालाची दुकानेदेखील हातहत्यारांना आजन्म हमी देतात. म्हणजे महाग आणि स्वस्त या दोहोंच्या हमीचे शब्द जवळजवळ सारखेच! यावरून एक सिद्धांत निघतो. हमी ही गुणाची साक्ष नसते. स्वस्त हत्यार दहांतून दोनदा बदलून देणे विक्रेत्यास परवडते, कारण ते बनविण्यास खर्चच थोडा येतो. हमी त्याच्या हिशेबात बसली, एवढेच तिच्यावरून समजावे.

शिवाय हमी काय परत देते? ती पाना परत देते. गोल झालेला बोल्ट ती परत देत नाही, फुटलेले बोट देत नाही, गाडी अडकून पडल्यामुळे बुडालेला दिवस देत नाही, आणि विटलेले गिऱ्हाईक तर मुळीच देत नाही. हमीच्या अटीही वाचाव्या. पान्याच्या दांड्याला नळी लावून जोर केला, त्यावर हातोडी मारली, तर सदोषतेची हमी बहुधा लागू होत नाही. कानस, हॅक्सॉचे पाते, ड्रिल यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू सामान्यतः तिच्यातून वगळलेल्या असतात. टॉर्क पाना तर हमी असो वा नसो, ठराविक काळाने तपासून घ्यावाच लागतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणात त्यासाठी १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मर्यादा सांगितली आहे.

आपल्या देशात निवड केवळ परदेशी आणि निनावी एवढ्या दोहोंतच आहे, असे समजण्याचे कारण नाही. पंजाबात जालंदर व लुधियाना येथे हातहत्यारांचा मोठा धंदा आहे व तेथील माल परदेशी जातो. आपल्या महाराष्ट्रात नाशिक येथे टपारिया कंपनीने १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनविण्यास आरंभ केला. तिचे नाव आज गॅरेजागॅरेजांतून ऐकू येते. अशा नामांकित देशी कारखान्यांचा पाना परदेशी पान्याइतका तलम नसेल, त्याच्या सॉकेटची भिंत थोडी जाड असेल. परंतु नवीन गॅरेजवाल्याच्या दहापैकी आठ कामांना तो पुरेसा आहे. अडचण एवढीच, की नामांकित मालाची नक्कलही बाजारात येते. यास्तव अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे.

तर मग पैसा कोठे घालावा आणि कोठे राखावा? माझ्या मते नियम एकच आहे : हत्यार फसल्यास नुकसान ज्या मानाने मोठे, त्या मानाने पैसा घालावा. जॅक आणि गाडी पेलणारे स्टँड यांत कधीही काटकसर करू नये; आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. टॉर्क पाना, रॅचेट, आणि ८ पासून १९ पर्यंतचे नित्य लागणारे रिंग पाने व सॉकेटे चांगल्या प्रतीची घ्यावी. हवेच्या गनवर चकचकीत क्रोमचे सॉकेट लावू नये. त्यासाठी काळे, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे सॉकेट मिळते. धक्क्याने साधे सॉकेट फुटल्यास त्याचा तुकडा डोळ्यात जातो. विजेवर चालणाऱ्या मोटारींवर काम करणाऱ्या मुलांनी १,००० व्होल्टची खूण असलेलीच हत्यारे वापरावी; मुठीवरचे साधे प्लॅस्टिक म्हणजे विद्युत्‌रोधक आवरण नव्हे. उलटपक्षी हातोडी, छिन्नी, पहार, क्वचित लागणारे मोठ्या मापाचे पाने हे मध्यम किमतीचे चालतील. हत्यारांची पेटी, ट्रे, तेलाची झारी यांत स्वस्त घेण्यास मुळीच संकोच नसावा. एकशे आठ नगांचा संच दिसावयास भरगच्च असतो. पण त्यातील वीस नगच रोज हाती येतात. ते वीस सुटे, निवडून घ्यावे.

दुकानात पारख कशी करावी? खिशात एक नवा ८ मिलिमीटरचा नट-बोल्ट ठेवून जावे आणि पाना त्यावर चढवून पाहावा. डगडगत असेल तर परत ठेवावा. पान्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर आहेत काय, मापाचा आकडा खोल व स्वच्छ उमटला आहे काय, हे पाहावे. पक्कड मिटून उजेडापुढे धरावी. कापणाऱ्या धारांमधून प्रकाश दिसू नये, आणि खिळीपाशी ती हलू नये. रॅचेट बोटांनी उलट फिरवून पाहावे. ते हलके, एकसारखे फिरले पाहिजे.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. हमीचा कागद नसला तरी घेणारा अगदीच निराधार नसतो. १९३० च्या मालविक्री कायद्यात माल विक्रीयोग्य असावा ही गर्भित अट, काही अपवाद सोडून, मानलेली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला असला, तरी जो केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरतो, त्यास ग्राहकच धरले आहे. म्हणजे एकट्याने गॅरेज चालविणारा आपला मुलगा त्या कायद्याखाली येतो. तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. मात्र हे सारे पावती असली तरच! पावतीवाचून दहा टक्के सूट घेणारा मनुष्य आपली हमी दहा टक्क्यांना विकतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहार, कुलूप बनविणारे, हातोडे व अवजारे बनविणारे असे १८ व्यवसाय धरले असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद केली आहे. परंतु मोटार-दुरुस्ती त्या यादीत नाही. भाता सोडून गॅरेजकडे वळलेल्या मुलांकडे मंडळानेच पाहावयास हवे. टॉर्क पाना, बेअरिंग ओढण्याचे पुलर, विद्युत्‌रोधक हत्यारांचा संच अशी महागडी पण रोज न लागणारी हत्यारे मंडळाने एकदा घेऊन ठेवावी आणि वाचनालयातील पुस्तकाप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन द्यावी. एकेका मुलाला जे परवडत नाही ते दहाजणांना मिळून सहज परवडते. ज्यांनी आयुष्य कार्यशाळेत घालविले अशा वडील मंडळींनी नव्या मुलाबरोबर हत्यारांच्या पहिल्या खरेदीला दुकानात जावे. त्यांच्या डोळ्यांइतकी खात्रीची पारख दुसरी नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांना गंधफूल वाहतो. त्या दिवशी पेटीतील प्रत्येक हत्यार पुसून, तेल लावून, झिजलेले वेगळे काढून ठेवले, तर ती पूजा अधिक सार्थ होईल. हत्याराला कारखान्याने किती वर्षांची हमी दिली हे गिऱ्हाईक विचारीत नाही. ते कारागिराचे नाव पाहून गाडी सोडून जाते. गावातील ऐरणीमागे उभ्या असलेल्या आपल्या पूर्वजाची हमी हीच होती. ती आपल्या मुलांनी चालवावी, एवढीच इच्छा आहे.