वहीच्या जागी यंत्र घेताना

(संस्थेच्या वार्षिक पालक सभेत केलेले भाषण)



शिक्षणाचे महत्त्व सांगावयास माझ्याहून अधिकारी वक्ते आज या व्यासपीठावर आहेत. मी तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला एक साधा विज्ञानशिक्षक आहे. मला एका अगदी व्यवहारातल्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे.

कॉलेजात नाव दाखल झाले की घरात मागणी येते, "अब्बा, लॅपटॉप पाहिजे." अलीकडे नुसता लॅपटॉप चालत नाही. पडदा पूर्ण मागे दुमडावा आणि त्यावर पेनने वहीसारखे लिहिता यावे, असा हवा असतो. दुकानात याला ‘कन्व्हर्टिबल’ किंवा ‘टू-इन-वन’ म्हणतात. ही मागणी गैर आहे असे मला वाटत नाही. पण घरचे दागिने मोडून किंवा हप्त्यावर घेतलेली ही वस्तू चुकीची निघाली, तर त्या घराला ती चूक दोन-तीन वर्षे भोगावी लागते. म्हणून हे चार शब्द.

आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. माझ्या पुतणीने बारावीनंतर फार्मसीला प्रवेश घेतला. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, मला न विचारता एक वापरलेले दुमडते यंत्र आणले. दुकानदाराने सांगितले होते, "टच आहे, सगळे चालते," आणि सोबत रबरी टोकाचे एक पेनही भेट दिले होते. पंधरा दिवसांनी मुलगी मला म्हणाली, "चाचा, हात काचेला टेकला की रेघा उमटतात. हात उचलून लिहिते, तर मान दुखते." आठवडाभरात ती पुन्हा वहीकडे वळली. यंत्र परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला.

दोष कशात होता? पडदा बोटाला ओळखत होता, पेनाला ओळखत नव्हता. टच असणे आणि पेन चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. रबरी टोकाचे पेन म्हणजे यंत्राच्या दृष्टीने आणखी एक बोट. तळहात आणि ते टोक यांत फरक त्याला कळत नाही. खऱ्या पेनाची व्यवस्था निराळी असते. एका प्रकारात काचेखाली बारीक तारांचे जाळे असते, ते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि पेनातील वेटोळे त्याला प्रतिसाद देते. अशा पेनास बॅटरी लागत नाही. वाकोम या जपानी कंपनीने ही पद्धत रूढ केली. दुसऱ्या प्रकारात पेनात छोटी बॅटरी असते व पेन स्वतः पडद्याला संकेत देते. दोन्ही प्रकारांत पेन जवळ आले की यंत्र तळहाताकडे दुर्लक्ष करते. मात्र एका पद्धतीचे पेन दुसऱ्या पद्धतीच्या पडद्यावर चालत नाही. तेव्हा "पेन बाहेरून कोणतेही घ्या" असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुकानात याची परीक्षा अगदी सोपी आहे. पेनाचे टोक काचेपासून अर्धा सेंटिमीटर वर धरा. काचेला न लावताच पडद्यावर ठिपका दिसू लागला, तर पेनाची व्यवस्था खरी आहे. मग तळहात निर्धास्त टेकून एक पानभर लिहा. सही करून पाहू नका, सही सगळीकडे छान येते. बारीक अक्षरात लिहा. आपल्या मुलांसाठी तर मी एक खास कसोटी सांगतो, ती म्हणजे टिंबांची. मराठीतला अनुस्वार घ्या किंवा उर्दूतले नुक्ते घ्या. बे, पे, ते, से या चारही अक्षरांचा आकार एकच, फरक केवळ टिंबांचा. घाईने, हलक्या हाताने दिलेले टिंब जे यंत्र गाळते, ते आपल्या कामाचे नाही. शेवटी पट्टी लावून एक तिरकी रेघ सावकाश ओढा. काही यंत्रांवर ती सापासारखी नागमोडी येते. भूमितीच्या आणि किरणाकृतींच्या विद्यार्थ्याला ते अजिबात परवडणारे नाही.

कोणी विचारील, मग टाईपच का करू नये? इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्याने खुशाल करावे, त्याला साधा लॅपटॉप पुरे. पण बेंझिनचे कडे, समाकलनाचे चिन्ह, विद्युतमंडलाची आकृती ही कळफलकावर वर्गाच्या वेगाने उमटत नाहीत. शिवाय उर्दू माध्यमातून आलेली आमची मुले पहिल्या वर्षी इंग्रजी वाक्याच्या शेजारी समासात उर्दूत अर्थ लिहून ठेवतात, एक ओळ डावीकडून व दुसरी उजवीकडून. ही सोय पेनानेच होते. हाताने लिहिल्यास विषय अधिक समजतो, असे म्युलर आणि ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांनी २०१४ मध्ये मांडले होते. २०१९ मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तितका ठामपणे दिसला नाही. तेव्हा त्याचा फार डांगोरा पिटू नये. यंत्र घेतल्याने गुण वाढतील, असे आश्वासन मी तरी कोणाला देणार नाही.

आता आकाराविषयी. पूर्ण मागे दुमडणारे यंत्र साधारण दीड किलोचे असते. बाकावर ठेवून लिहावयास उत्तम, पण हातावर धरून तासभर लिहिता येत नाही. कळफलक सुटा होणारे यंत्र हलके असते, परंतु ते मागच्या टेकूवर उभे राहते आणि आपल्या कॉलेजांतील अरुंद बाकांवर तो टेकू मावत नाही. घेण्यापूर्वी मुलाने वर्गातला बाक मोजून यावे, हे मी थट्टेने सांगत नाही. ज्याला फक्त टिपणे काढावयाची व पुस्तके वाचावयाची आहेत, त्याला पेनासह मिळणारा साधा टॅबलेट स्वस्तात पुरतो. ज्याला पुढे अभियांत्रिकीचे आराखडे काढावयाचे आहेत, त्यानेच पूर्ण संगणकाचा खर्च करावा.

वापरलेले यंत्र घेण्यात कमीपणा नाही. पेनाने चालणारे हे संगणक मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये बाजारात आणले, त्यामुळे जुना माल पुष्कळ फिरतो. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षेची सोय आहे, पण ती थोड्या मुदतीची. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझ्या भावाने आणलेला सहाव्या पिढीचा होता, म्हणजे तिथेही फसगत झाली होती. बिलावर प्रोसेसरची पिढी लिहून घ्या. यातल्या बऱ्याच यंत्रांत मेमरी पक्की जोडलेली असते व नंतर वाढविता येत नाही, म्हणून आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. पडद्याची काच फुटली तर बहुधा संपूर्ण पडदाच बदलावा लागतो, तेव्हा पडझडीचा विमा मिळत असल्यास नाही म्हणू नका.

टिपणांसाठी वननोट किंवा झर्नल प्लस प्लस हे प्रोग्रॅम मोफत मिळतात. परीक्षेआधी टिपणांची पीडीएफ प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. वही हरवली तर एका विषयाची हरवते, यंत्र बिघडले तर साऱ्या वर्षाची टिपणे जातात.

आणि एक गोष्ट, थोडी कडू लागेल. पुष्कळ घरांत यंत्र एकच येते, ते मुलाच्या नावाने येते, आणि मुलीला रात्री दहानंतर तो झोपल्यावर मिळते. बहीण-भावांची वेगवेगळी खाती त्याच यंत्रावर उघडता येतात. वेळ कोणी वाटून द्यावयाची, ते मात्र आई-वडिलांच्या हाती आहे.

पुतणीसाठी आम्ही नंतर दुसरे यंत्र पाहिले, तेही वापरलेलेच, पण या वेळी तिने स्वतः दुकानात बसून पानभर लिहून पाहिले. आज तिच्याकडून मागून ते मी बरोबर आणले आहे. सभा संपल्यावर प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना लिहून पाहावयाचे असेल त्यांनी यावे, बारावीच्या मुलींनी आधी यावे. पेन एकच आहे, तेवढे जपून वापरा.