छेद एक, लांब्या अनेक

'फर्स्ट टेक चॅलेंज' या विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धेचा एक नियम मोठा कडक आहे. सामना सुरू होताना यंत्र 18 इंची घनात, म्हणजे सुमारे 457 मिलिमीटरांत, मावलंच पाहिजे. सांगाडा पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या खाचदार दांड्यांचा असतो. संगणकावर प्रत्येक लांबीची दांडी वेगळी रेखाटली, तर रुंदी बदलताच सारी चित्रं दुरुस्त करावी लागतात. आणि एखादं हमखास राहून जातं!

साच्यातून निघालेल्या दांडीचा छेद सर्वत्र सारखाच; बदलते ती लांबी. तेव्हा छेद एकदाच काढावा आणि लांबीला आकड्याऐवजी नाव द्यावं. दोन्ही बाजूंच्या दांड्या 15 मिलिमीटर रुंद असतील, तर त्यांच्यामध्ये बसणारी आडवी दांडी म्हणजे 'एकूण रुंदी उणे 30'. रुंदी 450 असता ती 420. रुंदी 440 केली की आपोआप 410. भोकंही जवळच्या टोकापासून मोजावीत, म्हणजे तीही बरोबर सरकतात. कापायची यादी याच चित्रातून निघते; माल घेताना दर कापामागे करवतीच्या पात्याची जाडी तेवढी जास्त धरावी.

पडद्यावरची दांडी हवी तेव्हा वाढते. कापलेली वाढत नाही. म्हणून आधी मापांचं नातं लिहावं, मग करवत हाती घ्यावी.