मुलगी संशोधनाला निघाली तर



माझी धाकटी शास्त्राच्या संशोधनात पडायचे म्हणते. त्यासाठी केलेली चौकशी आपल्यापुढे मांडते.

बारावीनंतर पुण्याच्या आयसरमध्ये बी.एस.-एम.एस.ची पाच वर्षे, पुढे पीएच.डी.ची सुमारे पाच. मुलगी अठ्ठावीस वर्षांची होते. नंतरही बहुधा काही वर्षे पोस्ट-डॉक्टरेट काम करावे लागते. कायम नोकरीची खात्री नाहीच. मात्र नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात.

कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मुलगी म्हणून प्रथम नाकारले. त्या हटल्या नाहीत. १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. आता संस्था मुलींना घेतात. अडते ते घरी, पंचविशीत, लग्नाच्या बोलण्यापाशी.

दागिन्यांची बेगमी आपण दहा वर्षे आधी करितो. तशीच या दहा वर्षांचीही करावी. लग्न केव्हा, मूल कोण सांभाळील, नोकरी न लाभल्यास अध्यापन की औषध कारखान्याची प्रयोगशाळा, हे मुलीसह बसून आधीच ठरवावे. आमच्या घरी आम्ही ठरवीत आहोत.