कच्चं प्लॅस्टर, पक्कं प्लॅस्टर



मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा मिठाच्या आधी एक क्षार तळाशी बसतो. तो जिप्सम. हा जिप्सम सुमारे १५० अंशांवर भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसची भुकटी उरते. भिजवली की ती पाणी परत ओढून घेते, गरम होते आणि काही मिनिटांत घट्ट बसते. ही भुकटी कापडी पट्टीत भरून मोडलेल्या हातापायाला गुंडाळायची, ही युक्ती १८५१ च्या सुमारास मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरांनी काढली.

प्लॅस्टर हाड जोडत नाही. हाड आपलं आपण जुळतं, प्लॅस्टर त्याला फक्त हलू देत नाही.

आता पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय घसरतो, माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. डॉक्टर आधी कच्चं प्लॅस्टर घालतात, म्हणजे एका बाजूला प्लॅस्टरची पट्टी आणि वरून बँडेज. घरच्यांना वाटतं, काम अर्धवट ठेवलं. तसं मुळीच नाही. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते आणि तिला जागा लागते. म्हणून चहूबाजूंनी गुंडाळलेल्या पक्क्या प्लॅस्टरची घाई करू नका. हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा. दमट हवेत प्लॅस्टर वाळायला वेळ लागतो. पंख्याचा वारा द्या, ओल्या प्लॅस्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात, बोट सरळ करताना जीव जाईल अशी कळ आली, तर वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. आवळलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला, तर सहाएक तासांत ते मरू लागतात आणि हात कायमचा वाकडा होतो. हाडवैद्याच्या घट्ट कामट्यांखालीही हेच घडतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा, आणि आधी बँडेज कापून सैल करायला सांगा. हाड पुन्हा बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही.