पाचट, बुरशी आणि गाडीतलं इंधन

(बुकित बातोक येथे सभासदांच्या घरगुती बैठकीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



सिंगापूरला नवीन आलो तेव्हा लग्नातले चामड्याचे बूट कपाटात ठेवून महिनाभर सांगलीला गेलो होतो. परत येऊन बघतो तर बुटांवर हिरवट-पांढरी लव! इथल्या प्रत्येक घराने हे भोगलं असेल. आज त्याच बुरशीची वकिली करायला मी उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे असेच कुजायला लागले. त्यातून एक बुरशी वेगळी काढली गेली. एल्विन रीझ आणि मेरी मॅन्डल्स यांनी लष्कराच्या प्रयोगशाळेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९७७ साली रीझ यांच्या सन्मानार्थ तिला ट्रायकोडर्मा रीझाय हे नाव मिळालं. सुरुवात झाली तंबू वाचवण्यासाठी, पण १९७३ च्या तेलटंचाईनंतर प्रश्नच उलटा झाला. जी कापूस खाते, ती काडीकचऱ्याची साखर करून देईल का?

कापूस, पेंढा, पाचट यांत सेल्युलोज असतं. म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक माळ. बुरशीला तोंड नाही, म्हणून ती एन्झाइम बाहेर सोडते. एक एन्झाइम माळ मधूनच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन मणी काढतं, तिसरं त्या जोड्या फोडतं. मग यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल करतं. ऐकायला सोपं आहे, पण पाचटात लिग्निन नावाचा चिवट गिलावा असतो. त्यामुळे आधी वाफ आणि आम्ल वापरून ते मऊ करावं लागतं. आपण कडधान्य कुकरला लावतो ना, तसंच!

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलियम जातीच्या बुरशीवर असंच संशोधन झालं. पुण्याच्याच प्राज कंपनीचं तंत्रज्ञान वापरून इंडियन ऑइलने पानिपतला कारखाना उभारला. १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे.

आता मनातलं बोलतो. जून २०१३ मध्ये इथे धुराचा निर्देशांक ४०१ वर गेला होता, आठवतंय? मुलीला दमा. खिडक्या बंद करून आम्ही तिच्या उशाशी बसलो होतो, आणि मी सुमात्रात जंगल जाळणाऱ्यांना शिव्या घालत होतो. त्याच रात्री बाबांचा फोन आला. बोलता बोलता मला आठवलं, ऊसतोड झाली की आम्ही दर वर्षी पाचट पेटवायचो. मी स्वतः काडी लावलेली आहे. त्या धुरात कुणाची तरी मुलगी खोकत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

म्हणून मला या बुरशीचं अप्रूप. पण तुमची फसवणूक करणार नाही. मागच्या वेळी एका छोट्या दोस्ताने विचारलं, "अंकल, मग सगळे हे का नाही करत?" कारण पैसा. एन्झाइम महाग, पेंढा गोळा करणं त्याहून जिकिरीचं. अमेरिकेत ड्यूपॉन्टने आयोवात २०१५ मध्ये सुरू केलेला मोठा कारखाना दोन वर्षांत बंद केला. क्लॅरिअंटनेही रोमानियातला कारखाना २०२३ मध्ये बंद करायचं ठरवलं.

आणि सगळंच पाचट कारखान्याला द्यावं असंही नाही. शेतातच कुजवलं तर जमीन सुधारते, ओल टिकते. तिथेही काम करते ती बुरशीच! बाबा आता पाचट सरीत पसरतात. पहिल्या वर्षी शेजारी हसले, आता विचारायला येतात.

तेव्हा पुढच्या वेळी बुटांवर बुरशी दिसली तर जरूर पुसा, पण पुसताना तिला एक नमस्कार करा.