मुलचेऱ्याच्या जंगलाचे फाटक कोणाच्या हाती?



राष्ट्रीय वने कशासाठी राखायची याविषयी अमेरिकेत १९६० साली एक कायदा झाला. लाकूड, पाणी, चराई व वन्यजीव यांच्या जोडीला मोकळ्या रानातील विरंगुळा हाही वनाचा एक हेतू त्या कायद्याने मानला. डोंगरात जाणे, ओढ्याकाठी राहुटी ठोकून दोन दिवस काढणे ही चैन नव्हे, वनाचा तो रीतसर उपयोग आहे, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे लक्ष लाकडावर आणि महसुलावर, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे वन्य प्राण्यांवर. जंगलात राहणाऱ्या माणसाच्या हक्काची दखल घेणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले.

समाजवाद्यांनी पर्यटनाला नाक मुरडण्याचे कारण नाही. आठ तासांच्या कामाचा लढा हा विसाव्याचाही लढा होता. सेवादलाच्या शिबिरांतून ज्यांनी रात्री डोंगरमाथ्यावर काढल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. प्रश्न वेगळा आहे. जंगल पाहण्यातून जो पैसा निर्माण होतो तो कोणाचा?

ताडोब्याचे उदाहरण घ्या. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. आज मोहर्लीच्या फाटकाजवळ एका रात्रीला जे दर आकारले जातात ते तशाच खोलीला चंद्रपूर शहरात मिळणार नाहीत. हा वरचा पैसा हॉटेलवाल्याच्या कष्टाचा नाही, भांडवलाचाही नाही. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले तो हा. तो उपजतो जंगलातून आणि वाघातून. आणि ते जंगल टिकले त्यात, तेथून उठून गेलेल्या नवेगाव, जामणीच्या लोकांचा वाटा आहे. गावातल्या तरुणांना वाटाड्याचे आणि जिप्सी चालविण्याचे काम मिळाले, बफर क्षेत्रातील गावसमित्यांना उत्पन्नाचा काही हिस्सा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मजुरी आणि मालकी यांतील अंतर पक्षाच्या कार्यकर्त्याला तरी समजावून सांगावे लागू नये.

आता मुलचेऱ्याकडे वळू. हा तालुका गडचिरोली जिल्ह्यातला. पश्चिमेला वर्धा आणि वैनगंगा मिळून जेथे प्राणहिता होते, त्या परिसरात १९८६ साली चपराळा अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला आलापल्लीजवळ जुन्या सागवानाचा एक तुकडा आहे, जेमतेम सहा हेक्टरांचा. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पूर्वेला भामरागड, सुरजागडचे डोंगर. नक्षलवादी आणि पोलीस यांच्या संघर्षामुळे चार दशके या बाजूला सहलीचा माणूस फारसा फिरकला नाही. ते भय ओसरू लागले की रस्ते येतील, रस्त्यांमागून जमिनीचे दलाल येतील. सुरजागडला लोखंड निघाले तेव्हा ते आलेच.

म्हणून फाटक उभे राहण्याआधीच त्याची किल्ली कोणाकडे, हे ठरले पाहिजे. वनहक्क कायद्याने आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर तो मिळविला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही हाती घेतला. जी ग्रामसभा बांबू विकू शकते, ती रानवाटेवरून चालण्याचे शुल्क का ठरवू शकणार नाही? मोहाच्या दिवसांत अमुक वाट बंद, तेंदूच्या दिवसांत तमुक, रोज इतकीच माणसे, मुक्काम गावातल्याच घरी: हे सारे तिच्या व्यवस्थापन आराखड्यात लिहिता येईल. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याचे निर्बंध राहतीलच. पण त्या हद्दीबाहेरचे जंगल थोडे नाही. शिवाय एक लक्षात ठेवावे. ज्या वाघासाठी पाहुणा पैसे मोजतो, त्याच वाघाच्या धास्तीने पहाटे मोहाची फुले वेचणारी बाई पाऊल टाकते. त्या जोखमीची किंमत कोणत्याही तिकिटात धरलेली नसते.

येथे एक गाठ आहे आणि ती लपवू नये. या तालुक्यात माडिया-गोंडांच्या गावांशेजारी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. सरकारनेच त्यांना १९६० व ७० च्या दशकांत येथे आणून वसविले. वनहक्क कायदा आदिवासींखेरीज इतरांकडे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागतो. तो या कुटुंबांनी आणायचा कोठून? जंगलाचा मालकी हिस्सा एका गावाला आणि शेजारच्या गावाला फक्त पाहुण्यांची ओझी वाहण्याची मजुरी, अशी विभागणी झाली तर दलालाचे काम निम्मे झालेच. कायदा बदलेपर्यंत एक मार्ग उघडा आहे: आदिवासी ग्रामसभांनी वनावरील हक्क आपल्याकडे ठेवावा, आणि मुक्काम, जेवण, होडी, वाहन यांच्यासाठी दोन्हीकडच्या बायका-पुरुषांची एकच सहकारी संस्था काढावी.

या उन्हाळ्यात मुलचेऱ्यात जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टींची चौकशी करून यावी. कोणत्या ग्रामसभांचे सामूहिक दावे अजून निकालात निघालेले नाहीत; आणि नदीकाठच्या, रस्त्याकाठच्या जमिनींचे व्यवहार गेल्या दोन वर्षांत कोणाच्या नावे झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात मिळेल.